शुक्रवारची किल्ली

शुक्रवारी आमचं ऑफिस बंद होतं. तरीही सोमवारी सकाळी ब्रसेल्सला गेलेल्या आमच्या रिपोर्टात शुक्रवारी दुपारी जाहीर झालेला आकडा होता.

मी तो रिपोर्ट लिहिणाऱ्या टीमचा एडिटर. रिपोर्ट बाहेर पडण्याआधी त्यावरून शेवटचा हात माझा फिरतो. मी वाक्यं बघितली, टेबलं बघितली, तो आकडाही मुळाशी ताडून बघितला. बरोबर होता, म्हणून पुढे गेलो. चुकीचा आकडा मी झोपेतही पकडतो हो, पण बरोबर आकडा कोण पकडणार? तो पकडला इनेसने.

इनेस म्हणजे आमच्या क्लायंटकडची प्रोजेक्ट मॅनेजर. मूळची पोर्तुगालची, राहते ब्रसेल्सला. बाई अत्यंत सभ्य, पण तिचा मेल आला की आमच्याकडे लोक आधी पाणी पितात आणि मग उघडतात. त्या दिवशीचा मेल चारच ओळींचा होता. फाइलमध्ये त्या आकड्याचा बदल शुक्रवारी संध्याकाळी झालेला दिसतो. शुक्रवारी कोणी काम करायचं नाही असं आपलं ठरलं होतं. मग हे कोणी केलं? बुधवारच्या कॉलवर सांगा.

मेल वाचून मी आमच्या टीममधल्या तेजलकडे बघितलं. ती स्क्रीनकडे बघत होती आणि तिचे हात कीबोर्डवर नुसतेच ठेवलेले होते.

आता हा काय प्रकार, ते आधी सांगतो. नाहीतर माझी बायको म्हणते तसं, मी गोष्ट मधूनच सुरू करतो आणि समोरच्याला गोंधळात टाकतो.

आमचं ऑफिस लोअर परळला. पूर्वी तिथे मिल होती, आता काचेची इमारत आहे. चिमणी तेवढी ठेवलीय, शोभेला. मी राहतो गिरगावात, फणसवाडीत. आमच्या वाडीत मी नक्की काय काम करतो हे कुणालाही सांगता येत नाही. शेजारचे नाना विचारतात, “काय रे सबनीस, युरोपचं कसं चाललंय?” मी म्हणतो, बरं आहे. विषय संपतो.

तुम्हाला जरा जास्त सांगतो. युरोपातले पुष्कळ देश एका युनियनमध्ये आहेत. दर वर्षी ते आपापलं बजेट एकमेकांसमोर मांडतात. कोणाचं कर्ज वाढलं, कोणाचा खर्च हाताबाहेर गेला, सगळं उघड. या वार्षिक फेरीला तिकडे ‘सेमिस्टर’ म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, हे म्हणजे चुलत-मावस भावंडांनी जमून एकमेकांच्या घरखर्चावर नाकं मुरडणं. पुढे वाचत गेलो तसा गप्प झालो. कारण तिथे नुसता हिशेब विचारत नाहीत. तुमच्याकडे किती बायका नोकरी करतात, लहान मुलांना पाळणाघर मिळतं का, विशीतली पोरं शिकतही नाहीत आणि कमावतही नाहीत अशी किती, म्हाताऱ्यांना पेन्शन पुरतं का, हेही विचारतात. उत्तर बरोबर नसेल तर हे सुधारा म्हणून लेखी सांगतात. सगळे ऐकतात असं नाही. पण पैशाच्या बैठकीत पाळणाघराचा विषय निघतो, याचं मला आजही कौतुक वाटतं. आपल्याकडे पाळणाघराचा विषय फक्त सासू गावाला गेल्यावर निघतो.

इनेसची कंपनी या विषयांवर अभ्यास करून देते. त्या अभ्यासाची कच्ची बांधणी आमची सहा-सात जणांची टीम करते. आकडे गोळा करायचे, ताडायचे, टेबलं करायची, समजेल असं लिहायचं. काम बसून करायचं असलं तरी डोक्याचा भुगा होतो.

टीमच्या प्रमुख वसुधा मॅडम. राहायला दादरला. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. मी नोकरीत आठ बॉस बघितले. पहिले सात ओरडायचे. ह्या बाई ओरडत नाहीत, आणि तरी त्यांच्यासमोर खोटं बोलायची कुणाची छाती होत नाही. त्या आपलं म्हणणं पूर्ण ऐकून घेतात आणि मग दोन क्षण काहीच बोलत नाहीत. त्या दोन क्षणांत आपलंच आपल्याला कळतं की आपण काय माती खाल्ली आहे.

तर झालं असं, की इनेसच्या कंपनीचं एक मोठं काम गेलं. आमच्या वाट्याचा पैसा पाचव्या हिश्शाने कमी झाला. आमचं हेड ऑफिस गुडगावला. तिथल्या बक्षी साहेबांनी ताबडतोब सांगितलं, एक माणूस कमी करा. कोणता ते त्यांनी सांगितलं नाही, पण सांगायची गरजही नव्हती. सगळ्यात शेवटी आलेला सगळ्यात आधी जातो. शेवटी आली होती तेजल.

तेजल वरळी कोळीवाड्यातली. वय चौतीस. वडील गेल्यावर तिने कॉलेज सोडलं आणि बरीच वर्षं आईबरोबर दादरच्या मार्केटात मासे विकले. मग भावाने होडी सांभाळल्यावर परत शिकायला बसली आणि अर्थशास्त्रात एम.ए. केलं. तिचा बायोडेटा बघून हेड ऑफिसने विचारलं होतं की मधली वर्षं काय केलं. वसुधा मॅडमनी लिहून पाठवलं, “व्यापार.” आणि भांडून तिला घेतलं. ही नोकरी गेली तर ह्या वयात, असल्या बायोडेटावर दुसरी मिळणं कठीण. हे तिला माहीत होतं आणि आम्हालाही. त्या दिवसांत जेवणाच्या टेबलावर कोणी तिच्या नजरेला नजर देईना. मला फार लाज वाटायची. मी तेवढ्यासाठी दोन दिवस डबा डेस्कवर खाल्ला.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. त्या म्हणाल्या, आपण इतकी वर्षं ज्या विषयावर लिहितोय तो एकदा करून बघू या.

त्यांनी काढलं ते शॉर्ट-टाइम वर्क. म्हणजे असं बघा, मंदी आली, कारखान्याला काम कमी झालं, तर मालक माणसं काढतो. युरोपातल्या बऱ्याच देशांत म्हणतात, थांबा, माणसं काढू नका, तास कमी करा. सगळ्यांनी थोडं थोडं कमी काम करायचं. कापलेल्या पगाराचा काही भाग सरकार भरतं. मोकळ्या वेळात कामगाराने काहीतरी शिकायचं. मंदी गेली की माणसं जागेवरच असतात, नव्याने शोधायला लागत नाहीत. माझा मामा लालबागला मिलमध्ये होता. त्याला कुणी असं काही विचारलं नव्हतं. फाटक बंद झालं आणि तो घरी बसला तो बसलाच. त्यामुळे पहिल्यांदा ह्या विषयावरचा रिपोर्ट एडिट केला तेव्हा मी तो दोनदा वाचला होता. कामासाठी एकदा पुरलं असतं.

मॅडमचा हिशेब सरळ होता. पाचवा हिस्सा गेला, तर आठवड्याचा पाचवा दिवस बंद. शुक्रवारी ऑफिस नाही. पगार चार दिवसांचा, सगळ्यांचा, त्यांचा स्वतःचाही. माणूस एकही जाणार नाही. बक्षी साहेबांनी तीन महिन्यांपुरती परवानगी दिली, कारण त्यांना वाटलं हे आपोआपच फसेल. मॅडमनी इनेसशी बोलून शुक्रवारचा निम्मा पगार त्यांच्या ट्रेनिंगच्या पैशातून मिळवला. इनेसने एकच अट घातली. शुक्रवारी कोणीही काम करायचं नाही. एकदाही झालं तर व्यवस्था बंद.

आम्हाला अट ऐकून हसूच आलं. काम करू नका ही काय अट झाली?

आणि दीड महिन्यातच ती मोडल्याचं उघडकीला आलं.

इनेसचा मेल आल्यावर मॅडमनी आम्हाला मीटिंग रूममध्ये बसवलं. दार लावलं. आवाज न चढवता विचारलं, “शुक्रवारी कोणी काम केलं?”

मग तेजल उभी राहिली. मीटिंगमध्ये कोणी उभं राहत नाही आमच्याकडे, पण ती राहिली. म्हणाली, आकडा मी टाकला. आकडा शुक्रवारी येणार हे माहीत होतं, रिपोर्ट सोमवारी सकाळीच जाणार होता, म्हणून घरी बसून टाकला.

“हा एकच शुक्रवार?”

“नाही मॅडम. सगळे.”

मॅडम दोन क्षण गप्प राहिल्या. त्या दोन क्षणांत माझ्या शेजारी बसलेला हर्षद, जो आमची सगळी टेबलं बनवतो आणि एरवी आपल्याशिवाय कुणाचं कौतुक करत नाही, तो खुर्चीत चुळबुळला आणि म्हणाला, मीपण. थोडंच, पण दर शुक्रवारी. मग दिव्या म्हणाली, मी सकाळी दोन तास. मग एकेक करत सगळे. कोणी गॅलरीत बसून, कोणी पोराला क्लासला सोडून बाहेरच्या पायरीवर, कोणी बायकोला कोर्स करतोय सांगून. जो तो गुपचूप. हर्षद म्हणाला, “मला वाटलं बाकीचे करतच असतील. मग मी एकटाच नाही केलं तर पुढच्या वेळी माझं नाव यायचं.”

राहता राहिलो मी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. काय सांगू? मी शुक्रवारी जेवून झोपत होतो. उठून चहा, मग चर्नी रोडच्या बाजूला एक फेरी, येताना भाजी. इनेसच्या ट्रेनिंगसाठी मी एका ऑनलाइन कोर्सला नाव घातलं होतं, त्याचा पहिला धडा लावला की मला छान झोप लागायची. म्हटलं, “मॅडम, मी काही केलं नाही.” अख्ख्या टीममध्ये करार पाळणारा मी एकटा निघालो, आणि तोही आळसामुळे. दिव्या हसली. तेवढ्याने खोलीतली हवा जरा हलली.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं की आपण काय करून बसलोय. युरोपात ह्या योजनेतली सगळ्यात मोठी लबाडी हीच. मालक सरकारला सांगतो की कामगार घरी आहेत, कापलेला पगार सरकारकडून घेतो, आणि कामगारांना गुपचूप पूर्ण वेळ राबवतो. ह्या लबाडीवरचं प्रकरण आम्हीच लिहिलं होतं. हर्षदने त्याची टेबलं केली होती. मी त्यातले स्वल्पविराम लावले होते. आणि आता तेच आमच्या हातून झालं होतं, फक्त इथे राबवणारा कोणी नव्हता. आणखी एक गोष्ट होती. चार दिवसांच्या पैशात पाच दिवसांचं काम होतंय असं दिसल्यावर बक्षी साहेब उद्या म्हणणारच, की मग एक माणूस कमी असला तरी काम होईल, काढा.

तेजल अजून उभीच होती. मॅडम तिला म्हणाल्या, बस गं. ती बसली आणि मग हळूच बोलायला लागली. म्हणाली, आमच्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद असते. माशांना अंडी घालायला वेळ मिळावा म्हणून. पण कोळीवाड्यात कोणी कोणाच्या शब्दावर विसंबत नाही. होड्याच वर ओढतात, किनाऱ्यावर. झाकतात. सगळ्यांच्या. एकाची जरी पाण्यात राहिली ना, की बाकीच्यांना रात्री झोप लागत नाही, तो गेला असेल का, आपण मागे राहू का. मग एकेक करून सगळेच जातात. वर ओढली की प्रश्न मिटतो. मग बसून जाळी दुरुस्त करतात, गप्पा मारतात.

“आपली होडी कोणती?” मॅडमनी विचारलं.

तेजलने मीटिंग रूमच्या काचेतून बाहेर बघितलं. प्रत्येक डेस्कवर एकेक लॅपटॉप उघडा होता.

बुधवारच्या कॉलला मॅडमनी मला शेजारी बसवलं. म्हणाल्या, निर्दोष माणूस एक तरी पाहिजे. मला वाटलं होतं त्या काहीतरी गोड बोलून निभावून नेतील. माझ्या आधीच्या सातही बॉसनी तेच केलं असतं. फाइलची वेळ चुकीची दिसतेय, सर्व्हरचा घोळ आहे, ज्युनियरची चूक आहे, त्याला समज दिली आहे. ज्युनियरचं नाव तर तयारच होतं. तेजलचं नाव सांगितलं असतं तर बाकीचे सुटले असते, व्यवस्थाही कदाचित वाचली असती, आणि बक्षी साहेबांना हवा तो माणूस आयता मिळाला असता.

मॅडमनी सगळं सांगितलं. कोणाचंही नाव न घेता सांगितलं की टीममधल्या जवळजवळ सगळ्यांनी, जवळजवळ सगळे शुक्रवार काम केलं.

मग इनेसने सांगितलं की तिचे वडील उत्तर पोर्तुगालमध्ये चपलांच्या कारखान्यात होते. अशाच एका मंदीत त्यांचे तास निम्मे केले होते, कागदावर. प्रत्यक्षात ते पहाटे जायचे आणि अंधार पडल्यावर यायचे. शेजारी विचारायचे तेव्हा आई सांगायची, बागकाम करतात. त्यांच्या घराला बाग नव्हती. म्हणून ह्या बाबतीत मला कुणी काही समजावू नका, असं ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण मी खुर्ची जरा मागे सरकवली.

मॅडम म्हणाल्या, “तुमच्या वडिलांना मालकाने राबवलं. इथे कुणीही सांगितलं नाही, आणि तरी सगळे राबले. माझ्या मते हे जास्त वाईट आहे. मालकाशी भांडता तरी येतं.”

मग इनेसने विचारलं की आता काय करणार. पुढे म्हणाली, “प्लीज, सगळ्यांना सूचनेचा मेल पाठवणार असं सांगू नका.”

मॅडमनी होड्यांची गोष्ट सांगितली. तेजलची आहे असंही सांगितलं, फक्त आकडा तिने टाकला हे सांगितलं नाही. पुढे म्हणाल्या, गुरुवारी संध्याकाळी सगळे लॅपटॉप ऑफिसच्या लोखंडी कपाटात जातील. माझाही. सोमवारी सकाळी बाहेर येतील. इनेस म्हणाली, आणि किल्ली? किल्ली तुमच्याकडे असेल तर तुमची टीम तुमच्या दारात येईल, आणि तुम्ही चांगल्या बाई आहात, तुम्ही द्याल.

मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, ह्यांच्याकडे. ह्या माणसाला शुक्रवारी काम करायची इच्छा कधीही झालेली नाही.

इनेस पहिल्यांदा हसली. तिने ती तीन महिन्यांची मुदत संपेपर्यंत सवलत दिली.

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, माझ्या आळसाची कुठल्याही कंपनीने घेतलेली ही पहिली अधिकृत दखल. घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मला विचारलं असतं तर मी कधीच सर्टिफिकेट दिलं असतं.

पहिल्या गुरुवारी लॅपटॉप कपाटात ठेवताना लोकांचे चेहरे बघवत नव्हते. हर्षदने स्वतःचा दोनदा परत मागितला, एकदा चार्जर राहिला म्हणून आणि एकदा काहीच कारण न सांगता. शुक्रवारी त्याचा मला फोन आला. सहजच केला म्हणाला. दुसऱ्या शुक्रवारी नाही आला. तिसऱ्या आठवड्यात तो सोमवारी येऊन सांगत होता की मुलीला सायकल शिकवली. दिव्याने कसलासा प्रोग्रॅमिंगचा कोर्स खरोखरच पूर्ण केला. तेजल आईबरोबर मार्केटात जाऊन बसायची, दुपारी घरी येऊन अभ्यास. आई तिला म्हणायची, सुट्टी आहे तर झोप की, इथे कशाला वास घेत बसतेस. सोमवारचं काम मात्र बदललं. चुका कमी झाल्या. हे मी सांगतोय, कारण त्या शोधायचा पगार मला मिळतो आणि मला शोधाव्या लागायला लागल्या.

मुदत संपायला थोडेच दिवस राहिले होते. एका शुक्रवारी मी जेवून आडवा झालो होतो, तेवढ्यात फोन वाजला. बक्षी साहेब. मुंबईत आले होते, एका नव्या क्लायंटला संध्याकाळी भेटायचं होतं, आणि त्यांना कपाटातल्या लॅपटॉपवरचं आमचं जुनं काम दाखवायला हवं होतं. म्हणाले, “सबनीसजी, सुना है चाबी आपके पास है. जरा आ जाइए.”

मी अंगात शर्ट घातला. खोटं कशाला सांगू, बटणं खालीवर लावली. रिटायरमेंटला थोडी वर्षं उरलेल्या माणसाला व्हाइस प्रेसिडेंटचा फोन म्हणजे काय, ते नोकरी केलेल्यालाच कळेल. टॅक्सीत बसल्याबसल्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “या तुम्ही. मी निघाले.”

मी पोचलो तेव्हा त्या आधीच आल्या होत्या. साडी नेहमीची, हातात पर्सही नाही. बक्षी साहेब कपाटासमोर उभे. मी खिशात हात घालून किल्ली मुठीत धरली होती. ते मला म्हणाले, खोलिए. मी मॅडमकडे बघितलं.

मॅडम त्यांना म्हणाल्या, जरूर उघडू. तुम्ही साहेब आहात, तुम्ही सांगितलंत तर सबनीस उघडतील. पण आज आमचा शुक्रवार आहे. उघडलं तर मी आत्ताच्या आत्ता इनेसना कळवणार. पहिल्यांदा झालं ते मी सांगितलं, हेही सांगेन. त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या तसं व्यवस्था बंद करतील. मग एक माणूस काढून भागणार नाही, कारण ज्यांचा शब्द राहिला नाही त्यांना त्या पुढचं काम देतील असं मला वाटत नाही. तुमच्या नव्या क्लायंटला दाखवायला आपल्याकडे जुनं काम उरेल, नवं नाही.

हे सगळं त्या अशा आवाजात बोलल्या की जणू डब्यात काय आणलंय ते सांगताहेत. बक्षी साहेब लाल झाले. म्हणाले, यू आर थ्रेटनिंग मी. मॅडम म्हणाल्या, नाही सर, मी काय करणार ते आधी सांगतेय. नंतर कळलं असतं तर तुम्हाला राग आला असता.

साहेब गेले. जाताना म्हणाले की अप्रेझलच्या वेळी बोलू.

मी खुर्चीत बसलो. मॅडमनी मला विचारलं, जेवण झालंय ना? मी म्हटलं, झालंय, झोप राहिलीय. तेव्हा कुठे त्या हसल्या. खाली येऊन आम्ही दोघांनी टपरीवर चहा घेतला. कामाचा एक शब्दही त्या बोलल्या नाहीत. शुक्रवार होता ना.

मुदत संपली तेव्हा इनेसकडून मेल आला. नवीन काम मिळालं होतं, पैसा पूर्ववत होणार होता. शुक्रवार परत सुरू. एकही माणूस गेला नव्हता. तेजल तो मेल वाचून बाथरूममध्ये गेली आणि बऱ्याच वेळाने तोंड धुऊन आली. संध्याकाळी तिने आईच्या हातची सुक्या करंदीची, म्हणजे बारीक कोळंबीची, चटणी माझ्या डेस्कवर ठेवली. डबा अजून परत केलेला नाही, कारण बायकोला तो आवडला.

मॅडमचं त्या वर्षी प्रमोशन व्हायचं होतं. ते झालं नाही. गुडगावहून दुसऱ्याच कुणाला वर घेतलं. त्यांनी ह्यावर कधी एक शब्द काढला नाही, आणि मी एकदा काढायला गेलो तर दोन क्षण गप्प राहिल्या. मी परत काढला नाही. पण इथे लिहून ठेवतो, की नोकरीच्या एवढ्या वर्षांत मी माणूस वाचवायच्या गप्पा पुष्कळ ऐकल्या आणि कोणी स्वतःच्या खिशातून वाचवलेला माणूस एकच बघितला.

ही झाली तेव्हाची गोष्ट. गेल्या महिन्यात पुन्हा तसाच मेल आला. पैसा कमी, माणूस कमी करा. आता शेवटी आलेला साहिल आहे, पंचवीसेक वर्षांचा. साताऱ्याकडचा. इथे लालबागला चार पोरांबरोबर खोलीत राहतो. तेजल आता मॅडमच्या हाताखाली टीम लीड आहे. तिच्या नोकरीला काही धोका नाही.

गुरुवार होता. मी चष्मा लावून मेल दुसऱ्यांदा वाचत होतो. टेबलावर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. बघतो तर लॅपटॉप. बंद केलेला, चार्जर नीट गुंडाळलेला. तेजल उभी होती.

“काका, किल्ली आहे ना?”

मॅडम आपल्या केबिनमधून बाहेर आल्या होत्या, हातात स्वतःचा लॅपटॉप. मागे हर्षद, दिव्या. साहिलला काही कळेना, त्याचा लॅपटॉप तेजलनेच उचलून आणला.

किल्ली होती. तेव्हापासून परत कोणी मागितली नव्हती आणि मीही दिली नव्हती. बायको जिथे लॉकरची किल्ली ठेवते तिथेच, देव्हाऱ्याच्या खणात असायची, पण त्या सकाळी का कुणास ठाऊक, बरोबर घेऊन निघालो होतो.

माझ्या अनुभवाचं थोडक्यात सार सांगायचं तर एवढंच. काम करायला माणसाला शिकवावं लागत नाही. थांबायचं असेल तर मात्र सगळ्यांना एकदमच थांबावं लागतं. आणि किल्ली नेहमी आळशी माणसाकडे द्यावी.